सासूबाई आणि गाडीची शिकवणी

२ तारीख, सोमवार

आज मी चारचौघांत शब्द देऊन बसले. चारचौघं म्हणजे खरं तर तिघीच: मी, सासूबाई आणि ननंद. पण ननंद एकटी दोघींना भारी असते, तेव्हा चार धरायला हरकत नाही.

महिनाअखेर घर सोडायचं हे आधीच ठरलं होतं. सासूबाई ननंदेकडे जाणार, चौदाव्या मजल्यावर. मी दुसऱ्या गावी जाणार. तिथल्या एका शिकवणी वर्गाने मला विज्ञान शिकवायला बोलावलंय, राहायला एक खोलीही आहे. आमचे हे जाऊन आता तीन वर्षं होतील. 'दोन बायकांना पाच खोल्या कशाला?' असं ननंदेने विचारलं तेव्हा मीही मान डोलावली होती. सासूबाईंना विचारलं, म्हणजे सांगितलं, तर त्या 'बरं' म्हणाल्या. रुसवाफुगवा नाही, काही नाही. बरंच झालं. लेकीकडे जायला कुठल्या आईला नको असतं?

तर आज ननंद यादी घेऊन आली. कपाट कुणाला, पलंग कुणाला, असं करत करत ती अंगणातल्या गाडीपाशी पोचली आणि म्हणाली, "ही भंगारवाल्याला सांगून टाक वहिनी, उचलून नेईल."

माझं डोकंच फिरलं. ह्यांची गाडी! सव्वीस वर्षांची झाली म्हणून काय झालं? मी म्हणाले, "भंगारात नाही जाणार ती. मी स्वतः दुरुस्त करीन, चालती करीन, चांगल्या हाती देईन आणि मगच या घराला कुलूप लावीन. तोवर मी इथून हलत नाही आणि आईही हलणार नाहीत."

सासूबाई सुईत दोरा ओवत होत्या. एकोणऐंशी वर्षांच्या आहेत, पण चष्म्याशिवाय ओवतात. चाळीस वर्षं शिवणाचं दुकान चालवलंय त्यांनी. त्यांनी मान वर केली. "गाडी चालू झाल्याशिवाय नाही?"

"नाही म्हणजे नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. हे 'बरं' नेहमीपेक्षा जरा टवटवीत वाटलं.

३ तारीख, मंगळवार

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, हिला आता आराम करू द्या." असा राग आला मला! तेहतीस वर्षं मी विज्ञान शिकवलंय. इंजिन आतून कसं चालतं हे फळ्यावर किती वेळा काढलं असेल त्याची गणती नाही. फळ्यावर चालतं ते अंगणात का चालणार नाही?

ह्यांची हत्यारांची पेटी माळ्यावरून काढली. सोबत गाडीचं माहितीपुस्तक सापडलं, त्याला वाळवी लागलेली नाही. ह्यांचा अ‍ॅप्रन मला घोट्यापर्यंत येतो.

बेकरीवाल्याशीही बोलून ठेवलं. त्याला दुकानादुकानांत पाव पोचवायला एक मोठ्या डिकीची गाडी हवीच आहे. मनुष्य सज्जन आहे, गाडीला जपेल. म्हणाला, "एका दमात सुरू झाली पाहिजे, बाकी रंगाचं मी बघतो."

५ तारीख, गुरुवार

यश! पहिल्याच झटक्यात!

बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली होती, बोटभर जाड. विजेला जायला वाटच नव्हती. तारा सोडवल्या, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घातला, जुन्या दातांच्या ब्रशने घासलं. काय फसफसलं ते! मग कोरडं करून पेट्रोलियम जेली लावली. बॅटरी गॅरेजवाल्याकडे चार्ज करायला दिली होती, ती आणून तारा आवळल्या, किल्ली फिरवली, आणि तीन वर्षं गप्प पडलेली गाडी घरघरली. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. हे इथे लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

सासूबाई शिवणाचं स्टूल घेऊन शेजारी येऊन बसल्या होत्या. एकतीस वर्षं आम्ही एका घरात राहतोय आणि आमचं बोलणं 'दूध आलं का' आणि 'गिझर बंद केला का' यापलीकडे फारसं गेलेलं नाही. आज त्यांनी आपण होऊन विचारलं, "ही काळी तार कशाला असते गं?"

मला कुणी 'हे कशाला असतं' असं विचारलं की मग मी थांबत नाही. हा माझा गुण म्हणा नाहीतर खोड म्हणा. मी त्यांना सगळं समजावलं: वीज कशी निघते, कशी फिरते, परत कशी येते. "आणि ही जरा सैल झाली, आई, की गाडी मेली. सगळं ठीक असून मेली."

"जरा म्हणजे किती?"

"नट अर्धा फेरा फिरवला तरी पुरे."

त्यांनी अशी मान हलवली की वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत समाधान पसरावं. बेकरीवाल्याला उद्या दहाला बोलावलंय.

६ तारीख, शुक्रवार

तोंडावर आपटले. बेकरीवाला आला, मी छातीठोकपणे किल्ली फिरवली, आणि गाडी ढिम्म. टिक नाही की टुक नाही. तो बिचारा "असू द्या, जुनी गाडी आहे" म्हणून गेला.

काळी तार सैल झाली होती. अर्धा फेरा. मी काल नीट आवळली नसणार. माझ्यासारखीकडून असं व्हावं! सासूबाई फार समजूतदारपणे वागल्या. म्हणाल्या, "होतं असं नवीन कामात. चहा घे." चहा त्यांनी स्वतः केला. मला वाटतं माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच.

९ तारीख, सोमवार

आज प्लग काढले. चारही काजळीने माखलेले. एमरी पेपरने घासले, फटी मोजल्या. सासूबाई पुन्हा स्टुलावर हजर. त्यांना शिवणयंत्राची सवय आहे म्हणून हत्यारांची नावं चटकन कळतात. मी "दहाचा" म्हटलं की दहाचाच पाना हातात येतो. तेहतीस वर्षांत माझ्या एकाही प्रयोगशाळा-सहायकाने इतकं लक्ष दिलं नव्हतं.

त्यांनी विचारलं, "चार तारा, चार प्लग. कुठलीही कुठेही लावली तर?"

काय प्रश्न आहे! हुशार मुलंच असा प्रश्न विचारतात. मी खडूने फरशीवर चार गोल काढून त्यांना ठिणगीचा क्रम समजावला. "दोन तारांची अदलाबदल झाली ना आई, तर गाडी खोकेल, थरथरेल आणि मागून बार काढेल."

"बार?"

"फटाक्यासारखा."

"अगंबाई," त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्यांचे पुढचे दोन दात वाकडे आहेत हे मला आज कळलं. त्या हसलेल्या मी आधी पाहिल्याच नव्हत्या की काय?

१० तारीख, मंगळवार

आज गाडीने बार काढला.

बेकरीवाला फाटकातून आत येत होता. सासूबाईंसाठी त्याने केक आणला होता, भला माणूस. मी किल्ली फिरवली, गाडी खोकली, थरथरली आणि फाट्‌! असा आवाज झाला की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली आणि केक पालथा पडला. बेकरीवाला कंपाउंडच्या भिंतीला चिकटून उभा. सासूबाई दारात उभ्या राहून तोंडावर रुमाल धरून हलत होत्या. मला वाटलं घाबरल्या. जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला तर डोळ्यांतून पाणी येत होतं. या वयात असा धक्का बसू देता कामा नये.

दोन आणि तीन नंबरच्या तारांची अदलाबदल झाली होती. मी काल क्रम शिकवता शिकवता स्वतःच चुकीच्या लावल्या? शिकवायच्या नादात असं होऊ शकतं. एकदा मी वर्गात ऑक्सिजन समजावत असताना डबा समजून डस्टर पिशवीत घालून घरी आणलं होतं.

१३ तारीख, शुक्रवार

हॉर्न बंद, वायपर बंद. फ्यूजच्या पेटीत पाहिलं तर फ्यूज उडाले नव्हते, फ्यूज नव्हतेच! दोन जागा रिकाम्या.

परवा सासूबाईंना फ्यूज समजावताना मी एकेक काढून दाखवला होता, पण परत लावला होता, हे मी शपथेवर सांगेन. मग गेले कुठे?

आता मी शास्त्रीय पद्धतीने विचार केला. एक: गाडीत रात्रीतून बदल होतात. दोन: फाटकाला कुलूप असतं, बाहेरचं कुणी येत नाही. तीन: छोट्या वस्तू नाहीशा होतात. निष्कर्ष स्पष्ट आहे. उंदीर.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हो गं. मला पण शंका होतीच."

पिंजरा आणला. पावाचा तुकडा सासूबाईंनी स्वतःच्या हाताने लावला.

१४ तारीख, शनिवार

पिंजऱ्यातला पाव गेलाय, उंदीर नाही. दार बंद, आत काही नाही. हा उंदीर साधासुधा नव्हे.

सासूबाईंच्या बोटांना पेट्रोलचा वास येत होता. विचारलं तर म्हणाल्या, "गुडघ्याला रॉकेल चोळलं." रॉकेल आजकाल मिळतं कुठे, हे विचारायचं राहून गेलं.

१६ तारीख, सोमवार

नवे फ्यूज लावले. हॉर्न असा वाजला की जीव सुखावला. पण आता गाडी सुरू होते आणि दम लागल्यासारखी बंद पडते. हवेच्या गाळणीचा डबा उघडला तर आत कापडाचा बोळा! उंदराने घरटं केलंय. सासूबाईंच्या शिवणाच्या टोपलीतून पळवलेलं दिसतंय, कारण कापडाच्या चारही कडा दुमडून हेम घातलेली होती. बारीक, एकसारखी. मी तो तुकडा धुऊन त्यांना परत दिला. त्यांनी उजेडात धरून निरखला आणि म्हणाल्या, "सुतं निघून आत इंजिनात जायला नकोत ना. म्हणजे, गेली नाहीत हे बरं झालं."

आज त्यांनी ब्रेकचंही विचारलं. मी तेल कमी झालेलं दाखवलं, भरलं, पायाखालचा जोर चाकापर्यंत कसा पोचतो ते सांगितलं. "आणि यात बिघाड झाला तर?"

"तर गाडी थांबणार नाही, आई."

त्यांनी तेलाच्या डबीचं झाकण घट्ट फिरवून बंद केलं. मग म्हणाल्या, "मग याला हात लावायचा नाही. माणूस जायचं."

म्हटलं, मी कुठे लावतेय हात? हे काम गॅरेजवाल्याचंच. पण त्यांना काळजी वाटली हे बघून बरं वाटलं.

संध्याकाळी ननंदेचा फोन. "अजून किती दिवस, वहिनी?" मी म्हणाले, आठवडाभर. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी चार दिवसांच्या कामाला आठवडा सांगितला. असू दे. घाईचं काम बरं नाही.

१७ तारीख, मंगळवार

आज मला भीती वाटली. नीट लिहून काढते.

गाडी सुरू होईना. एकेक तपासत डिस्ट्रिब्यूटरपर्यंत आले, म्हणजे जिथून चारही प्लगना वीज वाटली जाते ती टोपी. उघडली. आतला फिरणारा तुकडा, जो एकेका प्लगकडे बोट दाखवत गरगर फिरतो, तो नाही. टोपीच्या दोन्ही क्लिपा मात्र व्यवस्थित बसवलेल्या.

उंदीर क्लिपा उघडेल एक वेळ. लावणार नाही.

म्हणजे मीच. मीच काढला, कुठेतरी ठेवला, आणि मला आठवत नाही. काळी तार, उलट्या तारा, फ्यूज, हे सगळं आठवलं. माझी आई शेवटी शेवटी मला ओळखत नव्हती. तिचंही असंच सुरू झालं होतं, चष्मा फ्रीजमध्ये, किल्ल्या पिठात. मी ओट्याशी उभी राहून सगळी मूलद्रव्यं क्रमाने म्हणून पाहिली. चाळीसपर्यंत आली. मग अडकले. आधी तरी चाळीसच्या पुढे येत होती का? तेही आठवेना.

सासूबाईंनी विचारलं, "काय पुटपुटतेस?" मी सांगून टाकलं. सगळं, आईचंसुद्धा. एकतीस वर्षांत त्यांच्यासमोर मी कधी रडले नव्हते, हे गेले तेव्हाही नाही. त्यांचा चेहरा एकदम पडला. तशाच आत निघून गेल्या.

१८ तारीख, बुधवार

सापडला! सासूबाईंनीच शोधला. सकाळी माझा अ‍ॅप्रन धुवायला घेतला तर खिशात होता म्हणाल्या. मी खिसा चारदा तपासला होता, पण शिवणीत अडकला असेल.

त्या मला दम देत म्हणाल्या, "तुझं डोकं ठणठणीत आहे. पुन्हा असलं काही मनात आणलंस तर बघ. तीन वर्षांपूर्वी गॅसवाला कुठल्या वारी आला होता हे तू सांगतेस. डोकं बिघडलं असेल तर माझं." आणि माझ्या हातावर हात ठेवून बराच वेळ बसल्या.

मी म्हणाले, "तिकडे गेल्यावर मला असं कोण सांगणार?" सहज बोलून गेले.

गाडी दुपारी सुरू झाली. ननंदेला आणि बेकरीवाल्याला मंगळवारी, चोवीसला अकरा वाजता बोलावलं. आता शेवटची संधी, त्यानंतर तो दुसरी गाडी बघणार.

२२ तारीख, रविवार

आता जे घडलं ते लिहितेय, पण रागावू की हसू ते मला ठरवता येत नाहीये.

दुपारी सासूबाई पडल्या होत्या. माझ्या अंगातल्या झग्याचं बटण तुटलं. त्यांना उठवायला नको म्हणून शिवणयंत्राचा खण उघडला.

आत कागदाच्या पुड्या. प्रत्येकीला टाचणीने चिठ्ठी लावलेली. दुकानात गिऱ्हाइकाच्या कापडाला लावायच्या तशी, वरती वस्तू, खाली वायद्याची तारीख. अक्षर सासूबाईंचं.

'फ्यूज दोन. बुधवारी काढले. हिने नवे आणले, तेव्हा राहू देत.'

'पिंजऱ्यातला पाव. चिमण्यांना घातला.'

'फिरता तुकडा. सोमवारी काढला. शुक्रवारी द्यायचा होता, बुधवारी दिला. घाबरली. माझं चुकलं.'

सगळ्यांच्या खाली घडी घातलेला खाकी कागद होता. त्यावर बेतणी करतात तसं माझं आख्खं इंजिन काढलेलं. निळ्या खडूने तारा, लाल खडूने पेट्रोलची नळी, मापासह. आणि जागोजागी माझीच वाक्यं, शब्द न् शब्द: 'ही जरा सैल झाली की गाडी मेली.' पंख्याच्या पट्ट्यावर फुली मारून लिहिलं होतं, 'नको. हिची बोटं जातील.' ब्रेकवर दोन फुल्या.

आधी अंगाचा तिळपापड झाला. मला मूर्ख बनवलं! वीस दिवस! मी उंदीर पकडत बसले, मूलद्रव्यं घोकत बसले! मग तो हेम घातलेला बोळा आठवला आणि मी जमिनीवर बसून तोंडात रुमाल कोंबून हसले. मग रडले. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना 'परवा या' सांगणारी बाई ती, महिनाअखेरीलाही तिने तेच सांगायचं ठरवलं होतं. आणि मी लिहून ठेवलंय, की 'बरं' म्हणाल्या, बरंच झालं!

शेवटच्या चिठ्ठीवर '२४' लिहिलं होतं. त्याखाली काहीच नाही.

सगळं होतं तसं ठेवलं. बटण लावलं नाही.

२३ तारीख, सोमवार

दिवसभर वाट बघितली, की आज कशाबद्दल विचारतात. काहीच विचारलं नाही. स्टूलही बाहेर आणलं नाही. संध्याकाळी भाजी निवडताना एकदम म्हणाल्या, "तिकडे एकटीला तुला बरं वाटेल ना?"

हे म्हणजे मला हवं तेच दार त्यांनी उघडलं होतं. आणि मी काय म्हणावं? "हो हो, वाटेल की." तोंडाला सवयच लागली आहे. सगळ्यांना हेच सांगत आलेय ना.

"मग होऊ दे गाडी चालू," त्या म्हणाल्या, आणि निवडलेली भाजी पुन्हा एकदा निवडायला घेतली.

कर्म माझं! मी तरी लगेच सुधारावं की नाही वाक्य? शाळेत मुलांना सांगायचे, चुकलं तर खोडा आणि पुन्हा लिहा.

२४ तारीख, मंगळवार

सकाळी सहाला स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. सासूबाई झाडांना पाणी घालायला म्हणून गेल्या आणि बॉनेट उघडून उभ्या राहिल्या. म्हटलं, आता बघू काय काढतात.

त्यांनी काही काढलं नाही. एकेक नट आवळला. तारा क्रमाने चाचपल्या. टोपी पुसली, पाण्याची पातळी पाहिली, तेल मापायची काडी उजेडात धरून बघितली. सगळं मी शिकवल्याबरहुकूम. शेवटी हात पुसले आणि बॉनेटवर क्षणभर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग आत येऊन आपली पिशवी भरायला घेतली.

आठला मी किल्ली फिरवली. एका दमात. असा गोड आवाज तर ह्यांच्या वेळीही येत नव्हता. मी पटकन किल्ली उलटी फिरवून गाडी बंद केली.

पुढचे तीन तास मी या खोलीतून त्या खोलीत नुसत्या चकरा मारल्या. काय बोलायचं ते पाठ करत होते आणि विसरत होते. अकराला पाच कमी असताना फाटकाबाहेर बेकरीवाल्याचा आवाज आला, सोबत ननंदेचा. मी अंगणात धावले, बॉनेट उघडलं, टोपीत मधोमध जाणारी जाड तार धरली आणि ओढून काढली. विज्ञानाची शिक्षिका! बॉनेट आपटून मागे वळले तर सासूबाई पिशवी घेऊन पायरीवर. त्यांनी बघितलं की नाही, कळलं नाही.

बेकरीवाला आत बसला. किल्ली फिरवली. गाडी नुसतीच कण्हत राहिली. पुन्हा. पुन्हा. ननंदेच्या कपाळावर आठ्या. "बघू तरी काय झालंय," म्हणत बेकरीवाला उतरला आणि त्याने बॉनेट उचललं.

सासूबाई टुणकन माझ्याशेजारी आल्या. आत एक नजर टाकली आणि माझ्या कानाशी पुटपुटल्या, "कच्चं काम. तार लोंबतेय, आंधळ्यालाही दिसेल." आणि हातातली भली मोठी पिशवी त्यांनी नेमकी त्या तारेवर ठेवून दिली. वर बेकरीवाल्याला म्हणाल्या, "माझा हात भरून आला हो, जरा टेकवते."

माझ्या तोंडून फिस्सकन हसू फुटलं. मग त्यांच्याही. आम्ही दोघी एकमेकींना धरून अशा हसलो की बेकरीवाला आमच्याकडे, पिशवीकडे आणि फाटकाकडे असं आळीपाळीने बघायला लागला.

मी त्याची माफी मागितली. सरळ सांगितलं, "गाडी विकायची नाही. तुम्हाला तीनदा खेपा घालायला लावल्या, चूक माझी." सज्जन माणूस! जाताना एवढंच म्हणाला, "केकचं मात्र वाईट वाटलं."

ननंद कमरेवर हात ठेवून उभी. "हा काय प्रकार आहे?"

मी म्हणाले, "तार मी काढली."

सासूबाई म्हणाल्या, "ती आज. आधीचं सगळं मी."

"सगळं म्हणजे? आई, का पण?"

मी सासूबाईंकडे वळले. या वेळी वाक्य चुकवलं नाही. म्हणाले, "आई, तुम्हाला विचारायचं आम्ही विसरलो. तुम्हाला जायचंय का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "तुला?"

"नाही."

"मग झालं तर."

ननंद पायरीवर बसली. बिचारीचा चेहरा बघवेना. ती काही दुष्ट नाही, यादीत मावेल तेवढंच तिला दिसतं, इतकंच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पण मला खरंच वाटलं, तुम्ही दोघी एकमेकींना कंटाळला असाल. घरात बोलणं नाही, चालणं नाही..."

"कंटाळलोच होतो गं," सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "गाडी बंद पडेपर्यंत."

ननंदेला घरी सोडायचं होतं. तार लावायला आम्ही दोघी एकदमच पुढे झालो.